उसना प्रकाश

दुसऱ्यापासून घेतलेल्या ज्ञानास आपलें म्हणण्याचा अधिकार माणसास कितपत आहे? परभाषेच्या द्वारें विद्या मिळविलेल्या आमच्या वर्गास हा प्रश्न टाळतां येण्याजोगा नाहीं. आणि त्याचा विचार करावयास आकाशांतील धुळीइतका निःपक्षपाती दृष्टांत क्वचितच मिळेल.

बीड जिल्ह्यांतील तेलगावच्या शिवारांतून, साखर कारखान्याच्या दिव्यांपासून दूर, हिवाळ्याच्या रात्रीं वर पाहिलें असतां कृत्तिकांचा पुंजका सहज दिसतो. दुर्बिणीनें घेतलेल्या छायाचित्रांत त्याभोंवतीं निळसर तेजोमेघ आढळतो. १९१२ सालीं स्लायफर ह्या ज्योतिर्विदानें त्या मेघाचा वर्णपट घेतला. तो ताऱ्यांच्याच वर्णपटासारखा निघाला. अर्थात् तेथील धूलिकण ताऱ्यांचा प्रकाश केवळ विखुरतात.

सर्वच धूळ मात्र अशी नाहीं. मृगाच्या पूर्वेस, एकशृंग तारकासमूहांत, ‘लाल आयत’ नांवाचा तेजोमेघ आहे. १९८० सालीं त्याच्या वर्णपटांत तांबड्या प्रकाशाचा एक रुंद पट्टा सांपडला. तो ताऱ्याच्या प्रकाशाची नुसती परतफेड नव्हे. तेथील सूक्ष्म कण डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतात व आपल्या घडणीनुसार दृश्य तांबडा प्रकाश बाहेर टाकतात, असा त्याचा उलगडा आहे. हे कण कोणत्या द्रव्याचे, ह्याविषयीं शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाहीं.

ऋण दोन्ही कणांवर आहे. तारा विझला तर दोन्ही काळे पडतील. शिवाय घेतलेली सारी शक्ति प्रकाशरूपानें देणें दुसऱ्या कणासही साधत नाहीं. कांहीं भाग उष्णतेंत जातो. तेव्हां स्वयंप्रकाशाचा अभिमान त्यासही शोभणार नाहीं. परंतु पहिला दिसणारेंच पुन्हा दाखवितो, दुसरा न दिसणारें दिसतें करतो.

माणसांत ह्या दुसऱ्या कणाचें उदाहरण शोधावयास तेलगावाहून फार दूर जावें लागत नाहीं. ह्याच जिल्ह्यांत आंबेजोगाईस मुकुंदराजांची समाधि आहे. संस्कृत न जाणणाऱ्यांस शांकर वेदान्त त्या अदृश्य किरणांसारखाच होता. ‘विवेकसिंधू’नें तो मराठींत दिसता केला. आपण शंकराचार्यांच्याच वचनांस अनुसरून बोलत आहों, हें ग्रंथकारानें लपविलें नाहीं. आणि म्हणून ग्रंथाचें मराठीपण उणें झालें नाहीं.

रूपांतरांत कांहीं निसटतें, हा आक्षेप खरा आहे. तरीही स्वत्व उगमानें ठरत नसून पचविण्यानें ठरतें, असें आम्हांस वाटतें. इंग्रजी ग्रंथांतील मत जसेंच्या तसें ऐकविणाऱ्या विद्वानाची जागा पहिल्या कणांत आहे. ऋण मोकळेपणानें मान्य करावें, आणि ज्यांस तें ज्ञान दिसलें नव्हतें त्यांस आपल्या भाषेंत दिसूं द्यावें. ह्याहून अधिक हक्क आम्ही मागूं नये, आणि ह्याहून कमी कर्तव्यावर आमची सुटका होऊं नये.