हात स्वच्छ, पण अमानत पोहोचली का?

सरकारी नोकरीतील ईमानदारीचा विचार आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नापाशी थांबतो: माणूस पैसे घेतो की घेत नाही? जो घेत नाही, त्याच्याविषयी समाज आदराने बोलतो, आणि ते योग्यच आहे. लाच हा उघड गुन्हा आहे आणि ती घेणारा व देणारा, दोघेही प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या धिक्कारास पात्र ठरले आहेत. परंतु लाच न घेणे म्हणजेच संपूर्ण ईमानदारी काय? ज्याने आयुष्यभर कोणाकडून एक रुपयाही घेतला नाही, तो आखिरतमध्ये आपल्या टेबलाच्या हिशेबातून सुटला, असे म्हणता येईल काय?

एक साधे उदाहरण घेऊ. एखादी विधवा संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करते. पतीच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, बँकेचे पासबुक असे कागद गोळा करण्यात तिचे कित्येक दिवस गेलेले असतात. प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते. लिपिक अर्ज घेतो, आवक क्रमांक टाकतो आणि गठ्ठ्यात ठेवतो. पुढच्या फेरीत तिला कळते की एक कागद कमी आहे. तो आणल्यावर कळते की आणखी एक त्रुटी आहे. त्यानंतर साहेब बैठकीला गेलेले असतात. या सर्व प्रकारात कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी नियम मोडला नाही, कोणी उर्मट बोललेही नाही. तरीही त्या घरातली चूल तेवढे महिने अर्धवट पेटली. याचा जाब कोण देणार?

पवित्र कुरआनच्या सूरह अन-निसामधील ५८ वी आयत या प्रश्नाचे उत्तर देते. त्या आयतीत अल्लाहने अमानती हकदारांच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला आहे. आदेशाचे स्वरूप लक्षात घ्यावे. अमानत जपा, तिला हात लावू नका, एवढ्यावर तो थांबत नाही. ती हकदारापर्यंत पोहोचवा, असे तो सांगतो. भाष्यकार या आयतीचा संबंध मक्काविजयाच्या प्रसंगाशी जोडतात. इसवी सन ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर काबागृहाची किल्ली प्रेषितांकडे आली. घराण्यातील व्यक्तीने ती सेवा आपल्याला मिळावी अशी इच्छा व्यक्त केली असतानाही प्रेषितांनी ती किल्ली उस्मान बिन तल्हा (रजि.) यांनाच परत केली, कारण पूर्वीपासून ती त्यांच्याकडे होती. सत्ता पूर्णपणे हातात असताना दुसऱ्याची वस्तू विनाविलंब त्याच्या हाती देणे, हा अमानतीचा अर्थ आहे.

या दृष्टीने पाहिल्यास टेबलावरची फाईल सरकारची नसते आणि लिपिकाची तर नसतेच. सातबाऱ्यावरील वारसनोंद असो, जातीचा दाखला असो किंवा निवृत्तिवेतनाचे प्रकरण असो, ती ज्याची आहे त्याची अमानत असते. कुलूपबंद तिजोरीत ठेव सुरक्षित आहे, पण ठेवीदार उपाशी मेला, तर राखणदाराने आपले काम केले असे कोणी म्हणणार नाही.

हदीस संग्रहांत अबू मरयम अल-अज्दी (रजि.) यांचा वृत्तांत आला आहे. ते हजरत मुआविया (रजि.) यांच्याकडे गेले आणि प्रेषितांकडून ऐकलेली शिकवण त्यांना सांगितली. तिचा आशय असा की, ज्याच्याकडे लोकांच्या कारभाराची जबाबदारी आली आणि ज्याने गरजवंतांसाठी आपले दार बंद ठेवले, त्याच्या गरजेच्या वेळी अल्लाहदेखील आपले दार बंद ठेवील. हे ऐकून हजरत मुआवियांनी लोकांच्या गरजा पाहण्यासाठी एका माणसाची नेमणूक केली. या शिकवणीत लाचेचा उल्लेख नाही. इशारा आहे तो बंद दाराबद्दल.

आपल्या राज्याचा कायदाही याच बाजूचा आहे. महाराष्ट्रात २००५ साली झालेल्या बदल्यांचे विनियमन आणि विलंब प्रतिबंध अधिनियमानुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांच्या दंडाची तरतूद केली. मुस्लिम कर्मचाऱ्यासाठी मात्र ही मुदत केवळ दंडाच्या भीतीने पाळण्याची गोष्ट नाही. नोकरी स्वीकारताना त्याने जो करार केला, त्याचा ती भाग आहे, आणि करार पाळणे हा ईमानचा भाग आहे.

येथे कर्मचाऱ्याची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. पदे रिक्त असतात, एका माणसावर दोन टेबलांचे काम असते. मध्येच निवडणुकीचे काम येते, अतिवृष्टीचे पंचनामे येतात, सर्व्हर बंद पडतो. वरून दबाव येतो तो वेगळाच. अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीबाहेर भार टाकत नाही, ही कुरआनची शिकवण अशा माणसासाठी दिलासा आहे. परंतु जे करता येत नाही आणि जे आपण करीत नाही, यांतला फरक प्रत्येकाचे अंतःकरण ओळखते. सर्व त्रुटी पहिल्याच भेटीत एका कागदावर लिहून देण्यासाठी जादा मनुष्यबळ लागत नाही. साहेब गुरुवारी भेटतील हे खरे सांगण्यासाठी अनुदान लागत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याचा अर्ज दोन मिनिटे समजून घेणे कोणत्याही नियमाविरुद्ध नाही.

वेळेचा हिशेबही असाच आहे. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये स्वतः घेताना पूर्ण माप घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना कमी देणाऱ्या लोकांच्या विनाशाची वार्ता दिली आहे. पगार १ तारखेला पूर्ण हवा आणि खुर्ची मात्र अकरापर्यंत रिकामी, हे मापातील खोटच आहे. जुमाच्या नमाजसाठी जाताना तेवढाच वेळ घ्यावा, जाताना सांगून जावे आणि राहिलेले काम भरून काढावे. नमाजच्या नावाखाली कोणाचे काम अडले, तर लोक त्या माणसाबरोबर त्याच्या धर्मालाही दोष देतात.

भेटवस्तूंविषयी तर शंकेला जागाच उरलेली नाही. जकात वसुलीसाठी नेमलेले इब्ने लुतबिया परतल्यावर म्हणाले की, एवढे तुमचे आणि एवढे मला भेट मिळाले. त्यावर प्रेषितांनी मिंबरवरून विचारले की, हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? घरातील माणसांनीही ही कसोटी लक्षात ठेवावी. सणाला आलेला मिठाईचा डबा, मुलीच्या लग्नातले जड पाकीट आपल्या माणसाला आले की त्याच्या खुर्चीला आले, हे पत्नीने आणि मुलांनी विचारावे. पुष्कळदा घरच्या मागण्याच चांगल्या माणसाला वाकवितात.

आणखी एक मोह अधिक सूक्ष्म आहे. कार्यालयात आपला माणूस आहे, म्हणून नातेवाईक आणि मोहल्ल्यातील लोक रांग सोडून काम करून घेऊ पाहतात. नकार दिला तर समाजाचा विसर पडला, असा ठपका येतो. परंतु सूरह अन-निसाच्या १०५ व्या आयतीपासून पुढील आयतींच्या संदर्भात अनेक भाष्यकारांनी एक प्रसंग नोंदविला आहे. मदीनेत एका मुस्लिम घराण्यातील माणसाने चोरी केली, आळ एका यहुदी माणसावर घातला आणि नातलग त्याची बाजू घेऊ लागले. त्या वेळी कुरआनने निरपराध यहुद्याला दोषमुक्त केले. खिडकीसमोर उभा असलेला माणूस कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, हा प्रश्न अमानतीत येतच नाही. आपला म्हणून एखाद्याची फाईल वर घेतली, तेव्हा दुसऱ्या कोणाची तरी फाईल खाली गेली. तो दुसरा कयामतच्या दिवशी समोर उभा राहील.

आपण जे खिडकीच्या बाहेर उभे असतो, त्यांच्यावरही जबाबदारी आहे. चहापाणी देऊन काम लवकर करून घेणारा स्वतःचा वेळ वाचवितो आणि मागच्या गरिबाचे काम आणखी लांबवितो. ज्या कर्मचाऱ्याने सरळपणे काम केले त्याला दुआ द्यावी, आणि जेथे अडवणूक होते तेथे लेखी तक्रार व अपिलाचा कायदेशीर मार्ग धरावा.

अबूजर (रजि.) यांनी पद मागितले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना समजावले की ही अमानत आहे आणि जो तिचा हक्क अदा करणार नाही, त्याच्यासाठी ती कयामतच्या दिवशी नामुष्की व पश्चात्ताप ठरेल. आपल्या घरातील मुले आज स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. समाजाला अशा तरुणांची गरज आहे. निवड झाल्यावर पेढे जरूर वाटावेत. त्याच दिवशी त्यांना हेही सांगावे की बेटा, हात स्वच्छ ठेव. पण संध्याकाळी टेबल सोडताना एवढे पाहा की ज्याचे होते ते त्याला पोहोचले का. अल्लाह आपणा सर्वांना अमानती हकदारांपर्यंत पोहोचविण्याची सद्बुद्धी व सामर्थ्य देवो. आमीन.