पणाची मर्यादा

द्यूताची निंदा करणें हें आपल्याकडे इतकें जुनें आणि सोपें काम आहे कीं, त्यांत आणखी भर घालण्याचें प्रयोजन सहसा पडत नाहीं. ऋग्वेदांतील अक्षसूक्तापासून कीर्तनकाराच्या आख्यानापर्यंत सर्वांनीं जुगाऱ्याला उपदेश केला, आणि जुगारी बहुधा तो ऐकून पुन्हां अड्ड्यावर जाऊन बसला. परंतु अलीकडे आपल्या सुशिक्षित तरुणांत पोकर नांवाचा जो पत्त्यांचा खेळ पसरला आहे, त्याच्या बाबतींत हा जुना उपदेश पुरा पडत नाहीं. कारण या खेळाचे जाणते पुरस्कर्ते स्वतःच अविचाराचे वैरी आहेत. आपण जुगार खेळत नसून हिशेबानें जोखीम पत्करतों, असें त्यांचें म्हणणें असतें. हा दावा हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. तो नीट तपासला पाहिजे.

या खेळाच्या ज्या प्रकाराला ‘नो-लिमिट’ म्हणतात, त्यांत खेळाडूला आपल्या पाळीस समोरची सारी रक्कम एका दमांत पणास लावतां येते. नांवावरून वाटेल कीं येथें मर्यादाच नाहीं. पण प्रत्यक्षांत, डाव सुरू होतेवेळीं टेबलावर जेवढी रक्कम मांडली असेल तेवढीच त्या डावांत हरतां येते. मध्येंच खिशांत हात घालतां येत नाहीं, कीं हातांतलें घड्याळ काढून ठेवतां येत नाहीं. मन शांत असतांना आंखलेली रेषा मन पेटल्यावर ओलांडतां येऊं नये, हें या नियमाचें फळ होय. हस्तिनापुरच्या सभेंत नेमका हाच नियम नव्हता. युधिष्ठिर धन हरला तेव्हां खेळ थांबला नाहीं. नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, पुढें तो स्वतः, आणि अखेर द्रौपदी, अशी पणाची नवी नवी वस्तु शोधली गेली.

अर्थात् पोकरचा हा नियम एका डावापुरताच. ज्याला ‘कॅश गेम’ म्हणतात, त्यांत डाव संपला कीं हरलेल्याला नवी रक्कम घेऊन बसण्याची मोकळीक असते. त्या रात्रीची, त्या वर्षाची, आयुष्याची मर्यादा खेळाडूनें स्वतःच घालावयाची. आणि तिलाच जाणते लोक ‘बँकरोल’ची शिस्त म्हणतात. खेळाचें भांडवल घरखर्चापासून निराळें काढावें, एका बैठकीस लागणाऱ्या रकमेच्या निदान २० ते ४० पट तें असावें, आणि तें आटूं लागतांच मानापमान न मानतां लहान टेबलावर उतरावें, असा हा साधारण संकेत आहे.

या संकेतामागें खरें शास्त्र आहे. कौशल्य कितीही असलें तरी तें शें-दोनशें डावांत दिसेलच असें नाहीं. पत्ते प्रतिकूल पडत राहिले तर उत्तम खेळाडूही दीर्घकाळ हरतो. हायगेन्सनें १६५७ सालच्या आपल्या संभाव्यतेवरील ग्रंथांत या जातीचें एक कोडें घातलें आहे. समान कुवतीचे दोघे दर डावाला एक रुपया लावून, एकाचे पैसे संपेपर्यंत खेळत राहिले, आणि एकाजवळ १०० व दुसऱ्याजवळ ९०० रुपये असले, तर पहिल्याच्या सर्वनाशाचा संभव दहांत नऊ इतका असतो. पुढें १७३८ सालीं डॅनियल बर्नूली यानें दाखविलें कीं, रुपयाचें मोल तो कोणाच्या पदरीं पडतो यावर ठरतें. धनवानाला जी हानि ओरखडा वाटते, तीच गरिबाला जखम होते. बँकरोलची शिस्त म्हणजे या दोन सत्यांचा व्यवहार होय, आणि तिला विवेक म्हणण्यास आमची हरकत नाहीं.

प्रश्न एवढाच कीं, एवढ्यानें नीतीचें समाधान होतें काय? आपल्या कायद्यानें फार दिवस निराळाच प्रश्न विचारला. १९५७ सालच्या चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें कौशल्यप्रधान स्पर्धा जुगारांतून वेगळ्या काढल्या. १९६७ सालीं रमीलाही त्याच मापानें मोजलें. २०२५ सालीं संसदेनें मात्र, संगणकावर व मोबाइलवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना मनाई करतांना हा भेदच बाजूस ठेवला. नीतीच्या दृष्टीनेंही हा भेद गौण आहे. हातीं कौशल्य आहे कीं दैव, यापेक्षां पणास लावलेली वस्तु कोणाची, हें आधीं पाहिलें पाहिजे.

मुंबईच्या उपनगरांतील दिंडोशीचें उदाहरण घ्या. गोरेगांवच्या पूर्वेकडील या भागांत मृणाल गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेनें दीर्घ झगडा करून सुमारे ६००० कुटुंबांना हक्काचीं घरें मिळवून दिलीं. अशा घराच्या भिंतींत वर्षानुवर्षांची काटकसर चिणलेली असते. तेथील एखाद्या नोकरदार मुलानें पगारांतून कांहीं रक्कम बँकरोल म्हणून निराळी काढली असें समजा. बँकेंत खातें निराळें करतां येतें. पण ज्या घरांत वडिलांचें औषध, बहिणीची फी आणि सोसायटीची वर्गणी एकाच पगारांतून निघते, तेथें निराळें म्हणजे काय? शिवाय धंदेवाईक खेळाडूचें भांडवल संपलें कीं त्याला थांबणें भाग पडतें. नोकरदाराचें मात्र दर पहिल्या तारखेस पुन्हां भरतें. त्यामुळें त्याचा नाश एका रात्रींत होत नाहीं; तो हप्त्याहप्त्यानें होतो, आणि म्हणूनच घरांत कोणाच्या लवकर ध्यानांत येत नाहीं.

येथें द्रौपदीचा प्रश्न आठवतो. युधिष्ठिर आधीं स्वतःस हरला कीं मला, असें तिनें भरसभेंत विचारलें. भीष्मासारखा धर्मज्ञही धर्माची गति सूक्ष्म आहे असें म्हणून थबकला. विकर्ण तेवढा धीटपणें म्हणाला कीं, द्रौपदी पांचही भावांची असतां एकानें तिला पणास लावणें अन्याय्य होय. स्त्री ही कोणाचीच मालमत्ता नव्हे, हें आज आपण जाणतों. पण विकर्णाच्या युक्तिवादांतील एक तत्त्व अद्याप जिवंत आहे. जें समाईक आहे तें एकट्याच्या हिंमतीवर पणास लावतां येत नाहीं, आणि घराची निश्चिंतता ही समाईकच असते. बँकरोलचा हिशेब ‘मला ही हानि सोसेल काय’ एवढेंच विचारतो. ती आणखी कोणाला सोसावी लागेल, हा रकाना त्या वहींत नसतो.

कोणी म्हणेल, कोरडवाहू शेतकरी दर मृगास आपलें सर्वस्व पावसावर लावतो. मग त्यालाही जुगारी म्हणावयाचें काय? नाहीं. त्याची जोखीम घरानें मिळून पत्करलेली असते, आणि ती फळली तर जगांत धान्य वाढतें. पोकरच्या टेबलावर नवें कांहींच पिकत नाहीं. एकाचें तें दुसऱ्याकडे जातें, आणि मांडवी नदींतील जहाजांवरचा असो वा कोठलाही, चालक आपला वाटा मध्यें काढून घेतो. म्हणजे शिस्तीच्या खेळाडूला जें मिळतें तें बेशिस्त्याच्या खिशांतूनच यावयाचें. आपण टेबल निवडतांना दुबळे खेळाडू शोधावे, हाही त्याच शिस्तीचा एक पाठ आहे. आपलें घर सुरक्षित ठेवणारा हा विवेकी पुरुष ज्याच्या पैशावर जगतो, त्याच्या घरीं कोणाची फी थकली आहे, हें विचारावयास तो बांधलेला नाहीं. खेळाच्या नियमांत तें बसत नाहीं.

तेव्हां धोका पत्करूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. गमावली तरी कोणाच्या ताटांतला घांस कमी होणार नाहीं अशी रक्कम लावून, मित्रमंडळींनीं दिवाळींत चार घटका पत्ते कुटले, तर त्यांत आभाळ कोसळत नाहीं. पोकरच्या टेबलाकडून आपण एक नियम अवश्य शिकावा, कीं मर्यादा आधीं आंखावी आणि डाव रंगल्यावर ती हलवूं नये. मात्र ती आंखतांना घरांतील माणसांना विचारावें. आणि जिंकलेले पैसे मोजतांना, ते ज्याच्या हातून आले त्याला ते हरणें परवडत होतें काय, हेंही स्वतःस विचारावें. पहिला प्रश्न पुष्कळ खेळाडू टाळतात. दुसरा प्रश्न ज्यानें मनापासून विचारला, तो त्या टेबलावर फार दिवस बसेल असें आम्हांस वाटत नाहीं.