राखणदाराचा न्याय

भातसानगरकडे शेताचा राखणदार रात्रभर जागतो. पीक वांचलें तर त्याला कोणी विचारीत नाहीं. एका रात्रीं रानडुकरें शिरलीं कीं बोल त्यालाच! हा न्याय काय?

फुटबॉलच्या गोलरक्षकाची गत हीच. २४ फूट रुंद, ८ फूट उंच दार त्यानें राखावयाचें; अडविलेले चेंडू लोक विसरतात, सुटलेला एक मात्र स्मरतात. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांनीं भारताचें गोलद्वार अनेक वर्षें राखिलें. १९८४ सालीं गोव्यानें एकही गोल न स्वीकारतां संतोष करंडक जिंकिला, तेव्हां दारांत तेच होते. पद्मश्रीचा मान मात्र २०२२ सालीं मिळाला.

चूक झांकावी असें आम्हीं म्हणत नाहीं. परंतु बोल लावण्यापूर्वीं त्यानें राखिलेल्या रात्रीही मोजूं या.