सुलटा हात

मंगळवारी ताडोबाचे जंगल बंद असते. मोहर्लीच्या गेटवर जिप्सींची रांग नसते, गाईडला काळोखात उठायचे नसते. एरवी गार पाण्याने, मिणमिणत्या दिव्यात, कशीबशी उरकली जाणारी दाढी आज उन्हे वर आल्यावरही करता येते. न केली तरी चालते. हे मनन त्या दिवसाचे आहे. तुम्ही मोहर्लीचे नसाल, गाईडही नसाल. काही बिघडत नाही. घाई नसलेला एक दिवस तेवढा काढा.

बसा. आरसा अजून हातात घेऊ नका.

बोटांची टोके गालावर ठेवा आणि हळूहळू खाली आणा. हात अलगद सरकला की समजा, केस त्या दिशेने वाढतात. आता तोच हात खालून वर न्या. खरखर लागेल. ही उलटी बाजू. गालावर हे सोपे असते. गळ्यावर उतरलात की गोंधळ सुरू होतो. एका बाजूचे केस खाली जातात, दुसऱ्या बाजूचे तिरके कानाकडे, आणि कंठमण्याच्या आसपास कुठेतरी ते चक्क गोल फिरतात. डोक्यावरचा भोवरा आई-आजीने मोजलेला असतो, त्यावरून लग्ने किती होणार हेही सांगून झालेले असते. गळ्यावरच्या भोवऱ्याची मात्र कुणी विचारपूस केलेली नसते. आज तुम्ही करा. डोळे मिटून करा, आरशापेक्षा बोटांना हे लवकर कळते.

फिरता फिरता बोट एखाद्या पुळीवर येईल. बहुतेक जबड्याच्या कडेखाली, जिथे कॉलर घासते. तिथे थांबा. दाबू नका, नखाने उकरू नका. ती कशी झाली असेल ते आधी बघू.

दाढीचा केस कातडीतून सरळ उभा येत नाही, तिरका येतो. काहींचा तर मुळातच वळणाचा असतो. डोक्यावरचे केस सरळ असलेल्या माणसाचे गळ्यावरचे केसही कुरळे असू शकतात. पाते अशा केसाला तिरके कापते आणि टोक सुईसारखे अणकुचीदार होते. कातडी ताणून धरली असेल किंवा पाते उलटे फिरवले असेल, तर केस थोडा बाहेर खेचला जाऊन कापला जातो आणि हात सोडल्यावर आत सरकतो, कातडीच्या पातळीच्याही खाली. दोन-तीन पात्यांच्या रेझरमध्ये हे आपोआप घडते. पहिले पाते केस ओढते, दुसरे कापते. त्या क्षणी गाल लोण्यासारखा लागतो. मग एका-दोन दिवसांत केस वाढू लागतो, पण वाट चुकतो. बाहेर पडण्याआधीच छिद्राच्या भिंतीत घुसतो, नाहीतर बाहेर येऊन, वळसा घेऊन पुन्हा कातडीत शिरतो. शरीराला आपलाच केस परका वाटतो. बाभळीचा काटा पायात मोडून राहिला की भोवती जे लाल होते, ठणकते, तेच इथे होते.

यात बोथट पात्याचा दोष आहे, नाही असे नाही. पण मोठा दोष गुळगुळीतपणाच्या हव्यासाचा आहे. केस जितका खालून कापावा तितका तो आत वळण्याची शक्यता जास्त. हे एवढे एक वाक्य मनात थोडा वेळ राहू द्या. रोज सकाळी आपण गालावरून हात फिरवून ‘अजून राहिली’ म्हणतो आणि त्याच जागी पुन्हा रेझर लावतो. राहिलेली असते कितीशी? अर्धा मिलिमीटर. समोरच्याला ती दिसतही नाही. जिप्सीत मागे बसलेल्या पर्यटकाला तर नाहीच, त्याचे डोळे झाडोऱ्यात असतात.

आता पाणी.

कोमट असेल तर उत्तम. ओंजळीत घ्या, चेहऱ्याला लावा आणि तसेच थांबा. केस पाणी पितो, फुगतो, मऊ होतो, आणि भिजलेला केस कापायला कोरड्यापेक्षा खूपच कमी जोर लागतो. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात आणि नेमकी तीच आपल्याजवळ नसतात. जुने न्हावी साबणाच्याही आधी नुसते पाणी घेऊन बोटांनी दाढी चोळत बसत. गिऱ्हाईक पेंगायला लागे. संत सेना महाराजांनी आपल्या धंद्याची हत्यारे अभंगात आणली तेव्हा आरसा आणि चिमट्याबरोबर डोक्याला चोळायचे पाणीही आणले. त्यांनी त्याला अर्थ आध्यात्मिक दिला, पण ज्याच्या हातात रोज वस्तरा असतो त्याच्याच ध्यानात पाणी असे राहते. आंघोळीनंतर दाढी केली तर हे काम फुकटात होते. बोअरचे पाणी जड असेल आणि साबणाला फेसच धरत नसेल, तर फेसासाठी नळाचे पाणी घ्या. साबण ब्रशने गोल गोल फिरवा, आडवे पडलेले केस उभे राहतात. फेस वाळू देऊ नका. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा, तो बघता बघता वाळतो.

पाते नवे घ्या. सलूनमध्ये कारागीर दोधारी पाते कागदातून काढतो, कागदासकट दुमडून कट्कन मोडतो आणि अर्धे वस्तऱ्यात बसवतो. तो आवाज तुमच्यासमोर झाला पाहिजे. लाजू नका, सांगा. पात्याला लागलेले रक्त डोळ्यांना दिसत नाही आणि कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही यांना तेवढे पुरते. घरातही एकाचा रेझर दुसऱ्याने वापरू नये, मग तो भाऊ असो की नवरा. वापरून झाला की धुऊन, झटकून, कोरड्या जागी ठेवा. न्हाणीघरातल्या ओल्या फळीवर पाते लवकर मरते.

फिरवताना मघाशी बोटांनी शोधलेली वाट आठवा. हात सुलटा. दुसरा हात मोकळा ठेवा, कातडी ओढून धरू नका. रेझरचे वजन पुरे आहे, वरून जोर नको. छोटे छोटे फटके, प्रत्येकानंतर पाते पाण्यात. एका जागेवरून एकदा, फार तर दोनदा. गळ्याच्या भोवऱ्यापाशी आलात की श्वास सोडा आणि दिशा बदला. इथेच माणूस हमखास चुकतो, कारण गाल झालेले असतात आणि मन पुढच्या कामाला लागलेले असते.

झाले. गार पाणी. टॉवेलने टिपा, घासू नका. कापले असेल तिथे तुरटीचा खडा क्षणभर टेकवला की रक्त थांबते, पण सगळ्या तोंडावर तुरटी फिरवण्याची जी सवय असते तिने कातडी कोरडी पडते. अल्कोहोलचे आफ्टरशेव्ह तर चरचरण्यासाठीच विकत घेतात की काय कोण जाणे. सफारीला जाताना भडक वास मारून जाऊ नये, असे पर्यटकांना सांगतात. नुकत्याच दाढी केलेल्या गळ्याचीही तीच विनंती आहे. वास नसलेले साधे मलम पातळसर लावा, पुरे.

विदर्भात दाढीनंतरही एक गोष्ट उरते, दुपट्टा. उन्हाळ्यात तो डोक्याला, तोंडाला, गळ्याला गच्च बांधल्याशिवाय बाहेर पडणे म्हणजे वेडेपणा. पण सकाळी पाते फिरलेल्या गळ्यावर तोच दुपट्टा, त्यात घाम, त्यात जंगलरस्त्याची धूळ, वर जिप्सीचे हादरे. दिवसभर बारीक कानस चालू राहते. म्हणून दुपट्टा सुती, मऊ, रोज धुतलेला असावा. आणि जमत असेल तर दाढी आदल्या संध्याकाळी करावी. रात्रभरात कातडी सावरते, पहाटेची झोपही वाचते.

ताडोबात बायकाही गाईड आहेत. काखेतले आणि पायांवरचे केस काढणाऱ्या प्रत्येकीला हे वेगळ्या जागी, पण याच रीतीने लागू पडते. काखेत केस दोन-तीन दिशांना वाढतात, म्हणून एका दिशेने खसाखस पाते ओढले की आग होते. केस काढल्यावर लगेच डिओ मारणे, घट्ट बाहीचा नायलॉनचा कपडा घालणे, ही पुळ्यांना आमंत्रणे. वॅक्सिंगने केस मुळासकट निघतात असे आपण धरून चालतो. बरेचसे अर्ध्यात तुटतात आणि तेच नंतर आत वळतात. मांडीच्या सांध्यात तर कातडीला कातडी घासते, तिथे केस कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड करणे सगळ्यांत शहाणपणाचे. या बाबतीत दवाखानेही बदलले. पूर्वी शस्त्रक्रियेआधी केस भादरून काढणे म्हणजेच स्वच्छता असे समजत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचना सांगतात की केस शक्यतो काढूच नयेत, काढावेच लागले तर क्लिपरने, वस्तरा नको. कारण वस्तरा कातडीवर न दिसणारे ओरखडे ठेवतो आणि जंतू तिथून शिरतात. बाळंतपणासाठी आलेल्या बाईचे केस सरसकट काढण्याच्या रीतीलाही संघटनेने नको म्हटले आहे. किती बायकांनी ती लाज आणि नंतरची खाज निमूट सोसली असेल!

मघाची पुळी अजून बोटाखाली असेल. तिच्यावर गरम पाण्यात पिळलेले मऊ फडके ठेवा, पाच-दहा मिनिटे. केसाचे वेटोळे वर दिसले तर स्वच्छ सुईने त्याचे टोक नुसते सोडवा. उपटू नका, उपटलेला केस परत येताना पुन्हा आतच शिरू शकतो. पू भरून गाठ ठणकू लागली तर ती पुळी राहिली नाही, केसतूड झाले. कुणी चुना लावायला सांगेल, कुणी पिळून टाकायला. दोन्ही नको. शेक द्या, वाढले किंवा ताप आला तर डॉक्टर. केसतुडे वारंवार होत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या. गोल, कडेने उठलेला, सतत खाजणारा चट्टा असेल तर तो नायटा असू शकतो. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब त्यावर चार दिवस गुण देते आणि मग तो दुप्पट पसरवते. आणि पुळी गेल्यावर मागे राहणारा काळा डाग आपल्या सावळ्या कातडीवर महिनोन्‌महिने रेंगाळतो, म्हणून पुळी खाजवण्याची घाई नको.

या सगळ्यावर एक फार जुना उपाय आहे आणि तो कुणी उपाय म्हणून करत नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार दाढीला हात न लावणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. श्रावणभर वस्तरा न लावणारेही. कारणे देवाधर्माची. कातडीचा विचार त्यात होता असे मी म्हणणार नाही, आपल्या प्रत्येक रूढीमागे विज्ञान शोधणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण हिशेब बघा. दाढीचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तेवढा लांब झाला की आत अडकलेले टोक बहुधा स्वतःच्याच ताणाने सुटून बाहेर येते. पुळ्यांनी गळा भरून गेलेल्या माणसाला त्वचेचे डॉक्टरही हेच सांगतात, तीन-चार आठवडे दाढी बंद. पहिल्या आठवड्यात खाज वाढते, तिथे बहुतेक जण हार खातात. तेवढे निभावले की पुढे सोपे. ताडोबाचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो आणि श्रावण बहुधा त्यातच येतो. त्याच्या भोवतीच्या बफरमधल्या फेऱ्या चालू असतात, पण गर्दी कमी. इरई धरणाच्या पाण्यावर पाऊस धरलेला असताना कोणी तुमच्या हनुवटीकडे बघत नाही.

ऑक्टोबरात गेट उघडेल, तेव्हा ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट ठेवून चालत असेल तर तेच करा, आत वळायला केस आतच उरत नाही. चालत नसेल आणि सलूनच्या खुर्चीत बसावेच लागले, तर मान मागे टाकण्याआधी बोलून घ्या. सुलटी मारून झाल्यावर कारागीर सवयीने विचारेलच,

‘उलटी मारू का भाऊ?’

‘नको. एकच हात, सुलटा.’

‘उद्याच खुटं दिसतीन.’

‘दिसू द्या.’