परक्याची आपुलकी

सांगलीहून साताऱ्यास व तेथून वाईवरून प्रतापगडास आम्ही यापूर्वी अनेकदा गेलो होतो. परंतु गेल्या खेपेस पिशवीत एक जुनी इंग्रजी कादंबरी होती, आणि तिने आमचा प्रवास बिघडविला. फिलिप मेडोज टेलर याची १८६३ साली प्रसिद्ध झालेली ‘तारा’ ही ती कादंबरी. तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा कन्या ही तिची नायिका, आणि शिवाजी महाराज व अफझलखान यांची भेट ही तिची पार्श्वभूमी. ग्रंथ टाकाऊ असता तर मिटून ठेवणे सोपे होते. पण तुळजापूरचे देऊळ, शास्त्र्याचे घर, त्या घरातील दोन सवतींचे परस्परांशी वागणे हे सारे एका परदेशस्थाने इतक्या जवळून पाहिलेले आहे की वाचकाने चकित व्हावे.

हे ज्ञान त्याला आयते मिळाले नव्हते. १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे चाकरीस निघाला. ती पेढी डबघाईस आलेली. म्हणून तो निजामाच्या नोकरीत शिरला. पुढे सुरपूर संस्थानाचा कारभार, मग नळदुर्गाचा मुलूख, नंतर वऱ्हाड, असे आयुष्य दख्खनमध्ये घालवून तो १८६० साली विलायतेस परतला. त्याची पत्नी हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची कन्या, आणि पामरांची आई मुसलमान बेगम. सुरपुराकडील लोक टेलरला ‘महादेवबाबा’ म्हणत. असे नाव हुकूम काढून मिळत नाही.

मग आम्हांस राग कशाचा आला? कादंबरीतील लंपट खलपुरुषाचे नाव मोरो त्रिमल. ते वाचताच मोरोपंत त्रिंबक पिंगळे यांची आठवण न झाली तर नवल. आणि ज्या गडाच्या तटाशी बसून आम्ही वाचीत होतो तो मोरोपंतांच्याच देखरेखीखाली उभा राहिलेला! शिवाय भेटीचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. टेलरने तो १६५७ त नेला, कारण प्लासीचे १७५७ व बंडाचे १८५७ यांच्याशी शतकांची साखळी जुळवावयाची होती. साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी राहिलेल्या ग्रांट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात खानाच्या वधावर विश्वासघाताचा शिक्का मारलाच होता. त्या इतिहासावर नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच टीका लिहिली. इतिहासाला असे उत्तर देता येते; कादंबरीला कोणत्या कागदाने उत्तर द्यावे?

तथापि गड उतरताना आम्हांस आमच्या रागाचीच शंका येऊ लागली. परक्याने आपणांस समजून घ्यावे, अशी आपली इच्छा असते. पण समजून घेतल्यावर त्याने आपल्याच पक्षाचे व्हावे, ही अट आपण गुपचूप जोडून देतो. टेलरने खानाचा पुत्र फाजल याला उदार व शूर नायक केले. तेही दख्खनचेच माणूस नव्हे काय? पायथ्याशी खानाची कबर आहे. तिच्यापाशी थांबून एका बापाचा व मुलाचा विचार आम्ही इतक्या वर्षांत कधी केला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. जे आम्हांस साधले नाही ते त्या परक्यास साधले, आणि नेमका त्याचाच आम्हांस राग आला.

येथवर टेलरचा पक्ष बळकट दिसतो. परंतु त्याच्या आत्मचरित्रातील सुरपूरच्या राजाची हकीकत वाचली म्हणजे मन पुन्हा डळमळते. व्यंकटप्पा नायक हा अल्पवयी राजा टेलरच्या देखरेखीखाली वाढला. तो त्याला ‘अप्पा’ म्हणे. १८५८ साली राजाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले व तो पकडला गेला. टेलर त्याला कैदेत भेटला. शिक्षा सौम्य झाली, पण बंदिवासाच्या ठिकाणी नेत असताना वाटेतच गोळी लागून राजाचा अंत झाला. ती त्याने स्वतःच झाडून घेतली, असे टेलर लिहितो. त्याचे दुःख खोटे म्हणण्यास आम्ही धजणार नाही. पण ज्या सत्तेविरुद्ध मुलगा उठला तिची चाकरी अप्पाने सोडली नाही, आणि त्या मुलखाचा कारभार पुन्हा त्याच्याच हाती आला. राज्यकर्त्याची माया खरी असूनही तिच्या पोटी न्याय आपोआप येत नाही. आणि टेलरला हे पुरते उमगले असते, तर ‘तारा’तील साखळी त्याने १८५७ पर्यंत इतक्या निःशंकपणे ओढली असती काय?

परतल्यावर एका सहकाऱ्याने विचारले, ही कादंबरी मुलांस वाचावयास द्यावी काय? आम्ही दिली आहे. सोबत कीर्तन्यांची टीकाही दिली आहे, आणि पुढील सहल प्रतापगडास ठरविली आहे. तेथे मुले आमच्याशी भांडतील, अशी आशा आहे.