लहान व्यसनांचे मोठे बंधन



सप्तव्यसनांचा त्याग हा आपल्या धर्माचा पहिला उंबरठा होय. मद्य, मांस, द्यूत, चोरी, शिकार, वेश्यागमन व परदारागमन यांचा त्याग केल्यावाचून उपदेशास शोभा नाही, हे लहान मुलासही ठाऊक असते. तथापि कित्येक वासनिक बंधू विचारतात, "बाबा, तंबाखू काही सातांत मोजलेली नाही, चहा तर मुळीच नाही. मग त्यांत दोष कोणता?"

प्रश्न प्रामाणिक आहे. त्यास उत्तरही सरळच दिले पाहिजे. सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंच्या काळी, म्हणजे तेराव्या शतकात, महाराष्ट्रात तंबाखू नव्हती. ती अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीजांच्या जहाजांतून पुढे आपल्याकडे आली. घरोघरी चहा होऊ लागला तो तर अगदी अलीकडे, इंग्रजी अमदानीत. म्हणून नावे मोजीत न बसता लक्षण पाहावे. संस्कृतात 'व्यसन' या शब्दाचा एक अर्थ आपत्ती असाही आहे. जे आरंभी आपल्या इच्छेने घेतले जाते, आणि पुढे न घेण्याची इच्छा असूनही घ्यावेच लागते, ते व्यसन. या लक्षणात जे बसेल ते आठवे समजावे.

येथे स्वतःचा दोष सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी वऱ्हाडात अटनास असता एका गावी दोन दिवस चहा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मस्तक ठणकू लागले. स्मरणास बसलो, पण नाम ओठांवर आणि मन चुलीवर! जवळच्या बालसाधूने काही शंका विचारली, तिला आम्ही कठोर उत्तर दिले. तो मुकाट्याने उठून गेला. रात्री अनुताप झाला. घर सोडले, गणगोत सोडले, पण सकाळचा एक कप सुटला नव्हता. आणि त्या कपाने एका निरपराध जीवाचे मन दुखविले.

हे असे का घडते? चहात कॅफीन नावाचे द्रव्य असते. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडिनोसीन साचत जाते व ते झोपेची जाणीव देते. कॅफीन त्याची जागा अडविते, म्हणून तरतरी वाटते. रोजच्या सेवनाने शरीर अशा जागाच वाढविते. मग एखादे दिवशी चहा चुकला की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, आणि हा त्रास २ ते ९ दिवस राहू शकतो. म्हणजे नित्याच्या कपाने मिळते ते बहुतांशी सुख नसते. कालच्या कपाने निर्माण केलेल्या दुःखातून ती सुटका असते. सावकारानेच व्याज फेडण्यास नवे कर्ज द्यावे, तसा हा व्यवहार.

तंबाखूचे कर्ज याहून कडक. चुन्याच्या क्षारामुळे तिच्यातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातून त्वरित रक्तात जाते, आणि सुमारे २ तासांत त्यातील निम्मे ओसरते. लगेच हात पुन्हा डबीकडे जातो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के तंबाखूचे सेवन करणारे आढळले. गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली, पण बंदीने दुकान बंद होते, वासना बंद होत नाही.

वासनेस दुसरा आधार स्थळाचा व संगतीचा. तोच पार, तेच मित्र, तीच जेवणानंतरची वेळ; इच्छा आपोआप उठते. व्हिएतनामच्या युद्धात अनेक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले. १९७१ साली मायदेशी परतलेल्यांचा मागोवा ली रॉबिन्स या विदुषीने घेतला. तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा त्या गर्तेत पडलेले फार थोडे, शंभरात पाचांच्या आसपास निघाले. स्थळ सुटले, संगत सुटली, व्यसनाची पकडही ढिली झाली. स्वदेश, स्वग्राम आणि संबंधी यांचा संबंध टाकण्याची जी आज्ञा प्रभूंनी साधकास केली, तिचे मर्म येथे वेगळ्या बाजूने उजळते.

तिसरे कारण अनिश्चित लाभ. दाणा केव्हा मिळेल हे ठरलेले नसले की पारवा सर्वांत चिकाटीने चोच मारीत राहतो, असे स्किनर यांच्या प्रयोगांत दिसले. फाशांचे तेच, आणि हातातील मोबाइलचेही तेच. काही आले असेल, या आशेने तो पुनःपुन्हा पाहिला जातो. द्यूत केवळ फाशांत आहे, असे समजू नये.

लीळाचरित्रात हरिपाळदेवांच्या द्यूताची लीळा प्रसिद्ध आहे. भरवसास प्रभू पण हरले. कमळाइसांकडे अलंकार मागितले. त्यांनी ते दिले नाहीत. तेथे उदासीनता स्वीकारून पुढे रामयात्रेच्या निमित्ताने प्रभू निघाले. परमेश्वर नित्यमुक्त, त्यास फासे काय बांधणार? ती लीळा होय. परंतु आपणांस तीत पाहण्याजोगे आहे ते असे की, हरलेला सामान्य जुगारी पुन्हा पटाकडे वळतो. प्रभू पटाकडे पाठ करून निघाले.

जीव बद्धमुक्त आहे. तो बद्ध आहे, म्हणून व्यसनी माणसाचा तिरस्कार करू नये. तो मुक्तीस योग्य आहे, म्हणून त्याची आशा सोडू नये. इच्छेची लाट उठते ती बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ नामास द्यावा. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने जवळ करावी, म्हणजे जुन्या पाराची जागा रिकामी राहत नाही. एकदा पाय घसरला तर अनुताप करावा, प्रायश्चित्त घ्यावे, आणि पुन्हा आरंभ करावा. ज्यास मद्याची नित्य सवय जडली आहे, त्याने मात्र ते वैद्याच्या देखरेखीखाली सोडावे. कारण ते एकाएकी थांबविणे कित्येकदा प्राणावर बेतते.

आम्ही चहा हळूहळू कमी करून सोडला. त्या बालसाधूची क्षमा मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी मागितली; तिला उशीर लावणे योग्य नव्हते.

दंडवत प्रणाम.