दहावीचा धडा विसरलात?

मुलींनो, आज मी रागावूनच लिहिते आहे. तुमच्यातल्या अनेकजणी आता आया झाल्या आहेत, काहीजणी सासवाही. पण मी तुमची विज्ञानाची बाई आहे आणि जे दिसतं आहे त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

श्रावण सरत आला की मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत मेडिकलच्या दुकानांत हळू आवाजातली मागणी सुरू होते, "पाळी पुढे ढकलायची गोळी द्या." गणपती, गौरी, नवरात्र, मग लग्नं. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, तपासणी नाही. शेजारणीकडे उरलेली अर्धी पट्टी चालते, जावेने सांगितलेला डोस चालतो. गणपतीचं सामान चार दुकानं फिरून पारखून घेता आणि पोटात जाणाऱ्या संप्रेरकाचं नावसुद्धा वाचत नाही?

ऋतुचक्र तुम्हाला शिकवलं होतं. आकृती काढून, नावं देऊन पाच गुण मिळवलेत आणि विसरलात. पुन्हा सांगते, नीट ऐका. अंडाशयातून अंडपेशी बाहेर पडली की मागे पीतपिंड उरतो. तो प्रोजेस्टेरॉन तयार करतो आणि त्याच्या जोरावर गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तर सुटतं. हीच पाळी. तुम्ही घेता त्या गोळीत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचं काम करणारं कृत्रिम संप्रेरक. ते बाहेरून मिळत राहिलं की अस्तर सुटत नाही; गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणूनच डॉक्टर ती अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करायला सांगतात. तारीखच माहीत नसेल तर तुमचं गणित तिथेच चुकलं. आणि स्राव सुरू झाल्यावर घाईघाईने गोळी गिळून तो ठरल्यासारखा थांबेल, ही आशा सोडा.

ही गोळी विष नाही. योग्य बाईला, योग्य वेळी, थोड्या दिवसांसाठी डॉक्टर ती देतात आणि तिने कायमचं वंध्यत्वही येत नाही. पण ती कोणाला द्यायची नाही, हे कळायला आधी प्रश्न विचारावे लागतात. नॉरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. त्यामुळे पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनाचा कर्करोग झाला असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर ही गोळी परस्पर घ्यायची नाही. क्षयावर रिफाम्पिसिन चालू असेल किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील, तर यकृत हे संप्रेरक लवकर संपवतं आणि गोळी अपुरी पडते. यातलं एक तरी तुम्हाला शेजारणीने विचारलं होतं का?

आणि घेता कधी? नेमकी गणपतीला गावी निघताना. बोरिवलीहून एसटीत बसायचं, महामार्गावरच्या कोंडीत रात्रभर पाय लोंबकळत ठेवायचे, लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीही प्यायचं नाही. इतका वेळ एका जागी बसण्यानेच गुठळीचा धोका वाढतो, त्यात ही गोळी! एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, धाप लागली, तर आरती संपायची वाट बघू नका. त्या क्षणी रुग्णालय गाठा.

आणखी एक गैरसमज आजच काढून टाका. पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक नव्हे. गोळी थांबवूनही पाळी आली नाही, तर दुसरी पट्टी आणायची नाही. आधी गर्भचाचणी करायची.

सगळ्यात जास्त राग मला आयांचा येतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला, "गौरी आहेत, अडचण नको," म्हणून तुम्ही गोळी देता. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं चक्र अनियमितच असतं. तिची तारीख तुम्ही कुठल्या कॅलेंडरवरून काढता? त्या लेकराला तुम्ही एवढंच शिकवता की तिचं शरीर म्हणजे सणातलं विघ्न. गौरीपुढे कोण बसणार, हा प्रश्न घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून सोडवायचा आहे. त्याचं उत्तर मुलीच्या रक्तात मिसळायचं नाही.

याच मुंबईत 1921 साली र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. ते गणित शिकवत. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. 1927 पासून 1953 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, खटले सोसून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. शरीराबद्दल उघड बोलावं, शास्त्राला विचारावं, एवढ्यासाठी. त्यांच्यानंतर इतक्या वर्षांनी तुम्ही काउंटरवर कुजबुजता आणि काळ्या पिशवीत पट्टी लपवता!

सबबी मला नकोत. घाटकोपरला राजावाडी रुग्णालय आहे, अंधेरीकरांना कूपर जवळ आहे, बोरिवलीकरांना कांदिवलीचं शताब्दी. केसपेपर काढा, स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर बसा. पाळीच्या तारखा, चालू असलेली औषधं, जुने आजार सगळं सांगा. गोळी हवीच असेल तर सणाच्या दोन-तीन आठवडे आधी विचारा. घ्यायची नाही असं ठरवलंत, तर घरात ठामपणे सांगा, "मला पाळी येईल आणि मी घरातच असेन." कोणी तोंड वाकडं केलं तर करू दे. चिठ्ठीशिवाय गोळी घ्यायची नाही, आणि लेकीला तर मुळीच द्यायची नाही.